आण्णांच्या घरचा चहा

सोलापूरला जाऊन आले म्हटल्यावर चिपळुणात जो भेटेल तो विचारतो, चादरी आणल्या का? आणल्या, दोन आणल्या. शेंगांची चटणीही आणली, ती शेजारच्या बाईंना फार तिखट लागली. याच्या पुढचं कुणी विचारत नाही, आणि दारात उभं राहून सांगण्यासारखं ते नाहीही. म्हणून लिहायला बसले आहे.

आठ दिवसांसाठी गेले होते, तीन आठवडे राहिले. जायचं कारण कमलताई वैरागकर. या माझ्या जुन्या साहेब. परराष्ट्र खात्यात मोठ्या अधिकारी होत्या, शेवटी शेवटी राजदूत झाल्या. मी त्यांची स्टेनो. दोन देशांत मिळून अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, त्यामुळे गावभर त्या ताई असल्या तरी माझ्या तोंडी मॅडमच आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिल्लीचं घर विकलं आणि सोलापुरात परत आल्या. त्यांचे वडील तिथं गिरणीत टाइमकीपर होते. ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या बायकांना कारभार शिकवायचा म्हणून त्यांनी तिथं एक वर्ग काढला आणि जवळ होतं नव्हतं ते त्यात घातलं. आता त्यांना आठवणींचं पुस्तक करायचं होतं. हात थरथरतो, लिहिता येत नाही. "लता, तुझी शॉर्टहँड अजून शाबूत आहे का?" असा फोन आला, आणि मी बॅग भरली.

एक आधीच सांगते. ज्या गावात हे घडलं त्याचं नाव मी लिहिणार नाही. उजनी धरणाच्या काठाला आहे एवढं पुरे. तिथल्या बायकांना अजून तिथंच राहायचंय.

सोलापूर

मॅडम स्टेशनवर स्वतः आल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वय, हातात काठी, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी. मला बघून पहिलं वाक्य, "लता, तू जाड झालीस."

"तुम्ही वाळलात," मी म्हटलं, "म्हणजे दोघींचं मिळून पूर्वीइतकंच."

हसल्या, पण थोडंच. चेहरा उतरलेला होता.

फेब्रुवारीतच ऊन डोळ्यांवर येत होतं. आमच्याकडे या दिवसांत आंब्याला मोहोर आणि पहाटे अंगावर गोधडी. इथं रस्त्याकडेचे कडुलिंबसुद्धा धुळीनं पांढरट झालेले. मॅडमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एका तेलुगू कुटुंबाचे यंत्रमाग आहेत, टॉवेल विणतात. सकाळी खडखड सुरू होते ती जेवणापुरती थांबते. पहिल्या दिवशी मला वाटलं, या आवाजात मी ठार वेडी होणार. मॅडम म्हणाल्या, "मी याच आवाजात अभ्यास केला. दिल्लीत मला झोप लागत नसे, इतकं ते शांत."

वरच्या मजल्यावर वर्ग. सतरंजी, फळा, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथं फार मोठं काही शिकवत नाहीत. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. इतिवृत्त वाचल्याशिवाय तर नाहीच नाही. आणि सरपंचाच्या खुर्चीवर सरपंचानं बसायचं, तिच्या नवऱ्यानं नाही. हे शेवटचं ऐकून बायका पदराआड हसतात म्हणे. हसून घरी जातात, आणि एखादीच खुर्चीवर बसते.

सकाळी आम्ही लिहायला बसायचो. शेंगांची चटणी, दही आणि कडक भाकरी असा नाश्ता. ही कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. आमच्या तांदळाच्या मऊ भाकरीवर वाढलेल्या माझ्या दाढेनं पहिल्याच दिवशी तक्रार केली. मॅडमना मात्र तिच्याशिवाय चालत नाही. भाकरी कुरुमकुरुम चावत त्या सांगायच्या. मुलाखतीत एका साहेबानं विचारलं होतं, परदेशात तुमचा स्वयंपाक कोण करणार? त्यांनी सांगितलं, पुरुष अधिकाऱ्यांचा जो करतो तोच. लग्न करायचं तर बाई अधिकाऱ्याला सरकारची लेखी परवानगी लागायची, असा तेव्हा नियमच होता. त्यांनी तो अर्ज कधी केला नाही. का नाही केला, हे अकरा वर्षांत विचारायची माझी छाती झाली नव्हती, या वेळी विचारलं. "ज्याच्यासाठी करायचा त्याला थांबायला सवड नव्हती," म्हणाल्या, "आणि हे पुस्तकात नको." हे काही पुस्तक नव्हे, म्हणून लिहिलं.

पहिल्या नेमणुकीच्या देशात मेजवानीनंतर पुरुष एका खोलीत गेले आणि त्यांच्या बायका दुसऱ्या. या मधल्या व्हरांड्यात उभ्या. कुठल्या दारातून आत जायचं ते सांगायला कुणी नव्हतं. मग पुरुषांच्या खोलीत गेल्या, तर गप्पा बंद पडल्या. "पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही, लता. मी तिथंच बसून राहिले. माझी सगळी नोकरी म्हणजे ती पंधरा मिनिटं."

चहाची गोष्ट मात्र मी डोळ्यांनी बघितलेली. एका लहानशा, उकाड्याच्या देशात आम्ही होतो. तिथला एक मंत्री भारतीय दुकानदारांविरुद्ध रोज आग ओकत होता, दुकानांना टाळी लागली होती. दिल्लीहून आदेश येईपर्यंत वाट बघा असं सगळे म्हणत होते. मॅडमनी घरचा चिवडा डब्यात भरला आणि न कळवता त्या मंत्र्याच्या घरी गेल्या. त्याच्या म्हाताऱ्या आईजवळ बसल्या, चहा प्यायल्या. दुसऱ्या संध्याकाळी परत, तिसऱ्या संध्याकाळी परत. महिन्याच्या आत दुकानं उघडली. ज्याच्याशी भांडण त्याच्या घरी आधी चहाला जायचं, हा त्यांचा तेव्हापासूनचा नेम. त्या नेमानं त्यांनी पुढं पुष्कळ गाठी सोडवल्या, आणि त्या सगळ्या मी टाइप केल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी अर्चनाचा फोन आला. अर्चना त्या धरणाकाठच्या गावची सरपंच. मॅडमच्या वर्गातल्या सगळ्यांत हुशार. वय असेल चौतीस-पस्तीस, बारावी शिकलेली, नवरा दुधाचा टेम्पो चालवतो. पहिले सहा महिने तोच तिच्या खुर्चीवर बसायचा. एक दिवस तिनं त्याला सगळ्यांदेखत सांगितलं, उठा. तो उठला. मॅडम हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

फोन झाल्यावर त्यांनी मला सांगितलं. अर्चनावर अविश्वास ठराव आला होता.

मोडनिंब

दुसऱ्या दिवशी निघालो. गाडी मॅडमची, पांढरी, मागच्या काचेवर वर्गाचं नाव. चालवायला महिबूबभाई, गेली आठ वर्षं त्यांच्याकडे असलेले. ऊसतोडीचे दिवस, त्यामुळे हायवेवर उसाच्या ट्रॉल्या एकीमागं एक. मोडनिंबजवळ एक ट्रॉली कलंडली होती. आम्ही तास-दीड तास अडकलो. मग टपरीवर भजी खाल्ली. मॅडमनी एका भज्याचा तुकडा तेवढा खाल्ला आणि मला सगळा प्रकार समजावला.

गावाच्या तिन्ही बाजूंना धरणाचं पाणी, पण पिण्यासारखं नाही, हिरवं आणि वासाचं. लोक पिण्याचं पाणी जारनं विकत आणतात. अर्चनानं पाणी शुद्ध करून घरोघरी द्यायची योजना मंजूर करून आणली. तिचा पाइप आण्णांच्या केळीच्या बागेतून जायचा होता. आण्णा म्हणजे माजी सरपंच. काठावरच्या पाणी उपसायच्या निम्म्या मोटारी त्यांच्या. आता ते सदस्य नाहीत, पण या पाइपवरून नऊपैकी सहा सदस्य त्यांच्या बाजूला गेलेले. जागा बाईसाठी राखीव, म्हणून ठराव मंजूर व्हायला नवात सात हात लागणार. अर्चनाच्या बाजूला ती स्वतः, रेश्मा नावाची तरुण सदस्य आणि हौसाबाई. तिघी टिकल्या तर ठराव पडतो. एक जरी फुटली तर अर्चना जाते, आणि पाइपही जातो.

"फुटेल कोण?" मी विचारलं.

"हौसाबाईंना सगळे धाक दाखवतायत. मला पाहिलं की त्यांना धीर येईल," मॅडम म्हणाल्या. "चल, चहा संपव."

धरणाकाठी

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. जिथवर नजर जाईल तिथवर पाणी, आणि त्यात शिरलेले काळे-निळे पाइप. काठावर मोटारींचा एकसुरी घुरघुराट. लांब उथळात रोहित पक्षी उभे होते. त्यांचे फोटो काढायला पुण्याहून लोक येतात म्हणे. मला समुद्राची सवय. आमचा समुद्र सतत काही ना काही बोलत असतो. हे पाणी गप्प होतं आणि कडेला साय धरलेलं. बघून मन का कोण जाणे बसलं.

अर्चनाकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंकडे जेवायला. पन्नाशीच्या, काळ्या, ठेंगण्या, मासेमाराच्या घरातल्या. नवरा गेला, दोन मुलं जाळी टाकतात. घर पाण्याच्या काठाला, पण घराकडून पाण्याकडे जायची वाट आण्णांच्या केळीतून. तिथं जाताना माझी चप्पल गाळात रुतली आणि तिचा अंगठा तुटला. हौसाबाईंनी मला आपली रबरी स्लीपर दिली आणि स्वतः अनवाणी वाढायला लागल्या.

"खावा की वो, लाजू नका. चिलापी हाय, काटं कमी."

आमच्याकडे माशाला नारळ. इथं शेंगदाण्याचं कूट आणि काळं तिखट. माशाला थोडा गाळाचा वास होता, पण रस्सा असा झाला होता की मी तीन वेळा घेतला. मॅडम मुद्द्यावर आल्या.

"हौसाबाई, परवा काय करणार?"

"काय करायचं? अर्चीच्या बाजूनं." त्या तव्यावरून मासा काढत होत्या. "तिनं मला सही शिकीवली. आंगठा लावायची मी. आता बगा, मराठीत सही करती, पुरी, आडनावासकट."

"शब्द देता?"

"दिला की." मग मासा ताटात टाकत म्हणाल्या, "आण्णाला भेत न्हाय आसं न्हाय म्याडम. लई भेते. वाट बंद केली तर माजी पोरं पाण्याकडं कुटनं जातील? पर तुमच्यासारकी येवडी मोटी बाई आमच्या पाटीशी हाय, तवर कोन हात लावतोय?"

मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. मी हे सगळं बघितलं आहे, ऐकलं आहे. त्या बाईचं बळ कशावर उभं होतं ते तिनं आम्हाला तोंडानं सांगितलं होतं. आम्ही मासे खाऊन उठलो.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता आण्णांकडे."

मी चमकले नाही, हे कबूल करते. त्यांचा नेमच तो. अर्चना ऑफिसात होती, तिला विचारलं नाही. महिबूबभाई तेवढे चुळबुळले. "म्याडम, गाडी सामने नक्को. पीछे लगाता मैं, बोरिंग के पास. लोगां देखते इदर."

"देखने दो," मॅडम म्हणाल्या. "मी चोरून जाणारी बाई नाही."

आण्णा साठीचे, पांढरे कपडे, अत्यंत अदबशीर. "या या, आमचं भाग्य!" म्हणत फाटकापर्यंत सामोरे आले. चहा झाला. मग केळी आली. मग बाग दाखवली, मोटारी दाखवल्या, नातीचं इंग्रजी ऐकवलं. मॅडम एवढ्या खुलल्या होत्या की कित्येक वर्षांत मी त्यांना तसं बघितलं नव्हतं. पाइपचा विषय त्यांनी इतक्या सफाईनं काढला, की वकिलातीतले दिवस आठवले.

"बगू की म्याडम," आण्णा म्हणाले. "राजकारन आसतंय, पर मानसं जोडून ठिवावी. बसून मिटवू."

निघताना शाल आणि नारळ. पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय या भागात कुणी सोडत नाही, आणि सत्कार नाकारायचा नाही हे मॅडमना चाळीस वर्षं अंगवळणी पडलेलं. आण्णांच्या पुतण्यानं आपला मोबाइल माझ्यापुढं धरला. "मावशी, जरा फोटू काढता का? मला बी त्यात उभं ऱ्हायचंय."

तो फोटो मी काढला. "जरा जवळ या," असंही म्हटलं.

दीड तास आमची पांढरी गाडी त्यांच्या फाटकासमोर उभी होती. परतताना मॅडम म्हणाल्या, "बघितलंस? माणूस वाईट नाही. बोलायला कुणी गेलंच नव्हतं त्याच्याशी."

संध्याकाळी अर्चना घरी आली ती चपला न काढता तशीच पायरीवर बसली. मोबाइल मॅडमच्या पुढं केला. गावाच्या ग्रुपवर मी काढलेला फोटो होता. खाली लिहिलेलं, माजी राजदूत मॅडम यांची आण्णांच्या निवासस्थानी सदिच्छा भेट, विकासावर सविस्तर चर्चा.

"ताई, तुमी आण्णांच्यात च्या घेतला?"

"हो. चांगलं बोलणं झालं अर्चना. ते बसून मिटवायला तयार—"

"मला इचारायचं तरी." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ठराव लागला की हितं गावात दोन पारट्या. कुनाच्यात च्या घ्यायचा आन कुनाच्यात न्हाय, ते शेंबड्या पोराला बी म्हाईत असतंय. माझी सासू आण्णांच्यातल्या बारशाला गेली, पाळण्याची दोरी वढली, आन च्या न घेता आली. आन तुमी शाल घेतली."

सासू आतून बाहेर आली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि परत आत गेली. आमच्या कोकणात वीस वर्षं कोर्टात भांडणारे भाऊबंद गणपतीत एकमेकांकडे मोदक खातात. वाद कोर्टात, मोदक ताटात. इथं तसं नाही. इथं कुणाच्या घरी चहा घेतला, यावर माणूस कुणाचं ते ठरतं. आणि हे आम्हाला सांगणारी बाई आमच्याच वर्गात तयार झालेली, पाच मिनिटांच्या अंतरावर बसलेली होती. बायकांना पुढं आणायला आयुष्य वेचलेल्या मॅडमनी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मीही सुचवलं नाही. मला याची लाज वाटते.

अर्चना एकदम उठली. "हौसामावशीकडं चला."

हौसाबाईंच्या दाराला नुसती कडी होती. सून बाहेर ओट्यावर जाळं विणत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या देवाला गेल्यात. तुळजापूरला. गाडी आलती."

"कुनाची गाडी?"

ती जाळं विणत राहिली. ठरावाच्या आधी सदस्यांना गाडीत घालून देवाला नेतात आणि थेट मतदानालाच आणतात, ही इथली रीत. हौसाबाईंचा फोन बंद. अर्चना तिथंच पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेल्या, आणि मग त्यांनी तो मागं घेतला.

ग्रामपंचायत

ठरावाच्या दिवशी तहसीलदार आले. अर्चना आणि रेश्मा आधीच आत बसल्या होत्या. आम्ही परक्या, आम्हाला आत मज्जाव. मी खिडकीशी उभी राहिले. मॅडमना कुणीतरी झाडाखाली खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. थोड्या वेळानं गाडी आली. सातजण उतरले, कपाळाला देवीचा मळवट. हौसाबाई शेवटी. अंगावर नवं लुगडं, घडीच्या खुणा तशाच असलेलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

ठराव वाचला. बाजूनं असतील त्यांनी हात वर करा. सहा हात झटकन वर गेले. सातवा यायला वेळ लागला. बाहेर ओट्यावर बसलेले आण्णा कुणाशी तरी पावसापाण्याचं बोलत होते, आवाज चढवूनही नाही. हौसाबाईंनी हात खांद्यापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला. तहसीलदारांनी मोजला.

मग इतिवृत्त लिहून झालं. अर्चनापुढं सहीला आलं. ती वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून, बोट ठेवून. सगळे खोळंबले. तहसीलदार म्हणाले, "ताई, करा सही, मला पुढं जायचंय." तिनं मान हलवली आणि वाचत राहिली. एके ठिकाणी रेश्माचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला लावलं. मग सही केली.

हौसाबाई गाडीत चढत होत्या तेव्हा मॅडम त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "हौसाबाई, तुम्ही शब्द दिला होता."

"दिलता की." हौसाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट. "पर तुमीच त्येंच्यात बसून शाल घेतली न्हवं? येवडी मोटी बाई तिकडं गेली म्हनल्यावर मी हितं कुनाच्या जिवावर ऱ्हायाचं?"

मॅडम बाजूला झाल्या आणि हौसाबाई गाडीत चढल्या. आण्णांनी लांबून आम्हाला हात जोडून नमस्कार केला.

पुन्हा सोलापूर

त्या रात्रीच मॅडमना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, विशेष काही नाही, वय आहे. मी तिकीट रद्द केलं. दिवस मोजत बसण्यासारखेच होते. शेजारचे माग चालत, मी पेज करून द्यायचे, त्या दोन घोट घेऊन भिंतीकडे तोंड करायच्या. वही उघडली की म्हणायच्या, "उद्या." मंत्र्याच्या आईबरोबरच्या चहाचं प्रकरण मी साफ लिहून त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी हातानं थांबवलं. "तिथंही कुणाचं तरी नुकसान झालं असेल, लता. आपण विचारलं नव्हतं."

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हटलं, चूक सगळ्यांचीच होते. त्या चिडल्या. "माझी चूक झाली आणि खुर्ची तिची गेली. सगळ्यांची कशी?"

तिसऱ्या आठवड्यात मॅडम जरा उठून बसायला लागल्या आणि एका सकाळी फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"म्याडम, मी हौसा बोलती." मागं मोटारींची घुरघुर. "मला सरपंच केलंय."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. हौसाबाईंनी जे सांगितलं ते असं. जागा बाईचीच. आण्णांच्या गटात दोन बायका, पण दोघींच्या नवऱ्यांत जुंपली. म्हणून आण्णांनी हिचं नाव पुढं केलं, ही काय बोलणार आहे म्हणून.

"उद्या पयली मीटिंग हाय. पाइपलाइनचा ठराव रद्द करायचा म्हंत्यात. सही माजी लागती. न्हाय केली तर वाट बंद. केली तर गावातल्या बाया मला तोंड दाकवू देनार न्हाईत. मी काय करू? तुमी सांगता का आण्णांनाच इचारू?"

मॅडमच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "थांबा, काही करू नका, मी कळवते," म्हणाल्या आणि पलंगावरून उतरल्या. मला हाक, महिबूबभाईंना हाक, गाडी काढा, माझी निळी साडी काढ. एकीकडे अर्चनाला फोन लावला. मला वाटलं, ती उचलणार नाही. तिनं उचलला.

"अर्चना, हौसाबाईंचा फोन होता. उद्या—"

"म्हाईत हाय ताई. मला बी आलता." तिचा आवाज साधा होता, रागाचा लवलेश नव्हता. "मी आन रेश्मा जातोय आत्ता मावशीकडं. गावातल्या आणखी धा-बारा बाया येत्यात. तितंच बसून ठरवतो, वाटेचं काय करायचं आन सहीचं काय करायचं."

"छान. आम्ही निघतोच आहोत. दुपारपर्यंत पोचतो."

"नगं ताई," अर्चना म्हणाली. "तुमी नका येऊ."

महिबूबभाईंनी खाली गाडी सुरू केली होती, तिचा आवाज येत होता. मॅडम एका हातात फोन आणि एका हातात काठी घेऊन खोलीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणशील तसं."

फोन ठेवून त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मी खिडकीतून महिबूबभाईंना गाडी बंद करायला सांगितली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचं माझं आरक्षण होतं, मी निघाले. त्या मीटिंगमध्ये काय झालं, हौसाबाईंनी सही केली की नाही, ते मला ठाऊक नाही. परवा मॅडमशी बोलले, त्यांनाही ठाऊक नाही. त्यांनी गावात फोन करणं बंद केलं आहे. अर्चना करेल तेव्हा कळेल, म्हणाल्या.